कोंडवाड्याचा नारळ

पहार घालून चेंबरचं झाकण उचललं तेव्हा भोवती आम्ही अकरा जण उभे होतो. वास वर आला आणि तिघंच उरलो. सुजय, मी आणि करिश्मा.

"आई गं! आत काय मेलंय हे?" सुजय रुमालातून म्हणाला.

"काय मेलं नाही ते विचार," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

आत काळं, जाड, हलणारं काहीतरी होतं. त्यावर बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुडा फुटला की वासाची नवी लाट घशापर्यंत यायची. शेण, मूत, कुजलेला पेंढा, कुणीतरी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दहा वर्षं साठलेलं. पळालेली पोरं लांब भिंतीवर चढून बसली होती आणि तिथून सल्ले देत होती. "ताई, पाणी ओता!" "ताई, फिनेल टाका!" "ताई, झाकण परत लावा!"

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. कृष्णाकाठच्या आमच्या गावात पेठेच्या टोकाला पालिकेचा जुना कोंडवाडा होता. मोकाट गुरं धरून कोंडायची, मालक आला की दंड घेऊन सोडायची, अशी ती जागा. दगडी भिंती, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात एक कडुलिंब. गुरं धरणं बंद झालं आणि तिथं कुत्री राहायला लागली. मी तेव्हा बी.एड. करत होते, सुजय इंजिनिअर होऊन घरी बसलेला. पोरांना बसायला, वाचायला, कॅरम खेळायला गावात एक जागा नाही म्हणून आम्ही दोघांनी ती मागितली. कुणी पगारी नाही, कुणी साहेब नाही. पोरांनीच चालवायचं, आम्ही नुसतं पाठीशी राहायचं. तेवीस मुलं-मुली जमली, बारा ते अठरा वयाची. मंडळाला मी तीन छान छान नावं सुचवली. पोरांनी तिन्ही पाडली आणि 'कोंडवाडा क्लब' ठेवलं. "गुरं गेली, आम्ही आलो," असं वर म्हणाली.

जागा मिळाली ती नानांच्या शब्दावर. नाना म्हणजे माजी नगरसेवक आणि मारुतीच्या देवळाचे ट्रस्टी. पेठेत त्यांच्या शब्दाशिवाय खांबावर दिवा लागत नसे. ते म्हणाले होते, "रविवारी मी उद्घाटनाला येतो. जागा नीट दिसली तर कागदावर सही घेऊन देतो. नाहीतर पालिकेनं गोडाऊनला मागितलीच आहे. मग मला काही बोलू नका."

आणि इथं गुरुवारी अंगणात घोटाभर घाण पाणी उभं होतं, कारण चेंबर तुंबलेलं.

"पालिकेचा माणूस बोलावू या," सुजय म्हणाला.

"मी गेले होते. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले."

"मग गेली जागा."

करिश्मा चेंबरकडं बघत उभी होती. सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला. बोलायची कमी. पहिल्या दिवशी आल्या आल्या तिनं आतल्या खोलीतली खिडकी शोधली होती. कडुलिंबाकडं उघडणारी. खाली खडूनं चौकोन काढून त्यात लिहिलं, 'करिश्माची जागा. सकाळी ६ ते ९.' घरी एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही. पुढल्या वर्षी बारावी. तिला फार्मसीला जायचं होतं. "ताई, इथं दिवा मिळंल ना?" एवढंच तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मिळेल. ती नदीकडच्या उतारावरच्या चाळीत राहायची. पालिकेच्या सफाई कामगारांची चाळ. गावात सगळे तिला 'खालची चाळ' म्हणत. मीही म्हणायचे. उतारावर आहे म्हणून म्हणतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी करिश्माला म्हटलं, "तू बघतेस का गं? तुला सवय आहे."

अगदी सहज म्हटलं. कौतुकानंच म्हटलं, खरं सांगते. एखादीला म्हणावं, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही, तसं.

तिनं माझ्याकडं बघितलं. जरा वेळ बघितलं. मग ओढणी काढून कडुलिंबाच्या फांदीवर ठेवली, हातातल्या दोन बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, गुडघ्यावर बसली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

भिंतीवरची पोरं ओरडली, "ईऽऽऽ!"

पहिल्यांदा पिशव्यांचा लगदा निघाला. मग दाव्यांचे तुकडे, एकमेकांत गुंतलेले, शेवाळ धरलेले. मग केसांसारखं काहीतरी. शेवटी एक घूस निघाली, फुगलेली. करिश्मानं ती शेपटीला धरून बाहेर ठेवली आणि आत काहीतरी मोठ्यानं गुडगुडलं. अंगणातलं पाणी हललं. वाट मिळाली होती.

भिंतीवरून टाळ्या पडल्या. सुजयनं शिटी मारली. मी पाणी आणायला धावले. परत आले तर ती कडुलिंबामागं खाली बसलेली, आमच्याकडं पाठ करून. खांदे हलत होते. दमली असेल, असं मला वाटलं. बादली शेजारी ठेवून मी परत आले. कारण तिच्या अंगाला वास येत होता आणि जवळ थांबवत नव्हतं.

लिहिताना मधे थांबावं लागलं. लेक उठली होती. आता परत झोपली आहे, एक पाय माझ्या मांडीवर टाकून. तो पाय न हलवता लिहिते आहे.

शुक्रवारी पोरांची सभा झाली. रविवारी नारळ कुणी फोडायचा? मी म्हटलं, तुम्ही ठरवा, क्लब तुमचा आहे. सगळ्यांत लहान होता तो ढेरे मास्तरांचा पिंट्या उठून म्हणाला, "जिनं गटार फोडलं तिनंच नारळ फोडायचा." हशा पिकला. मग हात वर झाले. बावीसच्या बावीस. तेविसावी करिश्मा, तिनं खाली बघितलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नारळ – करिश्मा'. खालती पोरांनी नारळाचं चित्र काढलं, त्याला दोन डोळे आणि मिशा काढल्या.

रविवारी सकाळी नऊला सगळं झकपक होतं. गव्हाणीला चुना लावून त्यात पुस्तकं मांडली होती. गुरं बांधायच्या कड्यांना झेंडूच्या माळा. समोर पाटावर मारुतीचा फोटो, नानांनीच पाठवलेला. पेठेतली पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर येऊन बसली होती.

करिश्माचे वडील सगळ्यांच्या आधी आले होते. मी त्यांना रोज बघायचे, पहाटे रस्ता झाडताना, पण तेव्हा चेहरा दिसायचाच नाही, धूळ दिसायची. आज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, घड्या अजून उभ्या असलेला. हातात कापडी पिशवी. फाटकाच्या आत यायचं की नाही, या हिशेबानं एक पाय उंबऱ्यावर ठेवून उभे.

"या ना काका, बसा."

"बरं हाय हितं, ताई." त्यांनी पिशवीतून नारळ काढला. सोलून फक्त शेंडी ठेवलेला, हळदीकुंकू लावलेला. "हिनं सांगितलं नारळ हिच्या हातनं हाय. म्हटलं, मग नारळ तरी घरचा असू दे. चार दुकानं फिरलो. कानाशी हलवून आणलाय. बघा, पाणी कसं वाजतंय." त्यांनी तो माझ्या कानाशी हलवला. खरंच, भरलेला होता.

करिश्मा पुढं आली, नव्या ड्रेसात. "आबा, आत या की."

"येतो गं. तू फोड, मग येतो."

नाना आले. सगळे उठले. त्यांनी गव्हाण बघितली, पुस्तकं बघितली, चेंबरवरचं नवं झाकण पायानं ठोकून बघितलं. "वा! कोंडवाड्याचं सोनं केलंत." मग त्यांची नजर फळ्यावर गेली. वाचलं. मिशावाल्या नारळाकडं बघून हसले सुद्धा. आणि माझ्या कोपराला हलकेच हात लावून मला कडुलिंबाखाली घेऊन गेले.

"मेधा, पोरांचं मन मोठं आहे. मला तर आवडलं."

"हो ना नाना."

"पण समोर देव ठेवलाय आपण. पेठेतली माणसं आलीत. मी काही मानत नाही हो, मला काय! पण लोक मानतात. उद्या कुणी एक अर्ज टाकला पालिकेत, तर कागद माझ्या हातात राहत नाही." त्यांनी खिशावर हात ठेवला. कागद तिथं होता, घडी दिसत होती. "तू फोड. तुम्हा सगळ्यांच्या वतीनं. त्यात कुणाला वाईट वाटायचं काय कारण? हा घे, देवळातला आणलाय मी."

त्यांच्या ड्रायव्हरनं नारळ माझ्या हातात दिला.

मी नाही म्हणू शकले असते. हे वाक्य मी नऊ वर्षांत इतक्या वेळा मनात लिहिलं आहे की ते आता गुळगुळीत झालंय. तेव्हा मी मनात काय म्हटलं ते सांगते. तेवीस पोरांच्या खोलीचा प्रश्न आहे, म्हटलं. करिश्मालाच दिवा पाहिजे आहे ना, म्हटलं. तिला समजेल, समजूतदार आहे. तिला सवय आहे, असंही म्हटलं असेन.

मी परत आत आले आणि नारळ फोडायच्या आधी फळा पुसला. डस्टर सापडेना तेव्हा तळहातानं पुसला.

"सगळ्यांच्या वतीनं," मी मोठ्यानं म्हटलं, "मी नारळ फोडते."

पिंट्या म्हणाला, "पण ताई, ठरलं होतं ना..." सुजयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. सुजय माझ्याकडं बघत नव्हता. करिश्मा मात्र बघत होती, चेंबरच्या कडेला उभी असताना बघितलं होतं तसं. फाटकाकडं बघायचं मी टाळलं.

खोलीच्या उंबऱ्याच्या दगडावर मी नारळ आपटला. तो एकाच घावात फुटला.

आणि फुटला तो नासका.

आतलं पाणी काळपट, तारेचं, माझ्या दोन्ही हातांवर, ओढणीवर, तोंडावर उडालं. एक थेंब ओठावर आला. खोबरं गळून पिवळं झालं होतं, बोटांना साबणासारखं लागत होतं. आणि वास! तोच. गुरुवारी झाकण उचललं तेव्हा आला होता तोच. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"शुभ! शुभ!" नाना टाळ्या वाजवत म्हणाले. "नासका निघाला म्हणजे देवाला पोचला! इच्छा पुरी झाली समजा. वाजवा टाळ्या!"

आणि सगळ्यांनी वाजवल्या. त्या वासात खुर्च्यांवर बसून, नाकाला पदर लावून, दुसऱ्या हातानं मांडीवर टाळ्या वाजवल्या. देवळातल्या ढिगात महिनोन्‌महिने पडलेला नारळ तो, कितीदा वाहिलेला आणि कितीदा परत दुकानात गेलेला. सगळ्यांना माहीत होतं. "शुभ हो शुभ," ते एकमेकांना सांगत होते. मी हात अंगापासून लांब धरून मधोमध उभी होते आणि हसत होते. हो, हसत होते.

पाण्याचा तांब्या कुणी आणला? करिश्मानं. "हात धुवा, ताई." मी हात पुढं केले. तिनं वरून पाणी ओतलं. चांगलं हातभर वरून, तांब्या माझ्या बोटांना लागू नये इतक्या उंचीवरून. खाली ओंजळ धरायची, वरून धार सोडायची. हे आम्हा दोघींना कुणी शिकवलं नव्हतं. दोघींनाही येत होतं.

नानांनी कागद दिला. पेढे वाटले. फाटकाशी आबा नव्हते. करिश्मा म्हणाली, "त्यांना ड्युटी हाय." रविवार होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी खालच्या चाळीत गेले. गुरुवारी तिनं काढून दिलेल्या बांगड्या माझ्याकडंच राहिल्या होत्या, त्या द्यायचं निमित्त होतं. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खोली इतकी स्वच्छ होती की मी चप्पल कुठं काढावी या विचारात पडले. भांडी फळीवर उतरत्या क्रमानं. कोपऱ्यात ट्रंक, ट्रंकेवर करिश्माची पुस्तकं, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली.

"या ताई," आबा उठले. "बसा." बसायला एकच खुर्ची होती, ती पुसून पुढं केली. करिश्मा चुलीकडच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिची आई कामावर होती.

मी बांगड्या दिल्या. मी म्हटलं, काल जे झालं ते... मी म्हटलं, जागेचा प्रश्न होता... मी म्हटलं, नानांनी...

"त्याचं काय न्हाई ताई," आबा म्हणाले. "नारळाचं काय मनावर घेऊ नका. आमी किती नारळ लांबनं बघितल्यात. मला एकच विचारायचं हाय. त्या गटारात हिला हात घालायला कुणी सांगितलं?"

"आबा, मी सांगितलं न्हवं का, मीच घातला म्हणून," करिश्मा पटकन म्हणाली.

"तू गप. ताईंना विचारतोय."

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्याकडं न बघता, ट्रंकेवरच्या पुस्तकांकडं बघत बोलायला लागले.

"सतरा वर्सं झाली. ह्या पोरीला मी खराट्याला हात लावू दिला न्हाई. घरातला केर बी हिची आई काढती. शेजारीपाजारी हसत्यात, लेकीला म्हाराणी केलीया म्हणत्यात. म्या म्हटलं, हसू देत. माझ्या बापानं हेच केलं, म्या हेच केलं, हितनं फुडं न्हाई. हिच्या हाताला पुस्तकाशिवाय काय लागू द्यायचं न्हाई." ते थांबले. "गुरवारी घरी आली तशी मोरीत बसली. दोन साबण संपवलं. भात बघितला की उलटी. तीन दिस जेवली न्हाई. काल नारळाचं म्हणून दोन घास खाल्लं."

कडुलिंबामागची ती पाठ मला आठवली. हलणारे खांदे.

तिला सवय नव्हती. आमच्या अकरा जणांत सगळ्यांत कमी सवय तिला होती.

मी खाली बघत राहिले. माझ्याच अंगाला तो वास येतोय असं वाटत होतं, सकाळी दोनदा डोकं धुतलं होतं तरी.

आबा उठले. फळीवरून एक ताटली काढली, वर झाकलेली वाटी बाजूला केली. "सोडा ते. तोंड गोड करा. आमचा नारळ आमी काल संध्याकाळी घरच्या देवाला फोडला. हिच्याच हातनं. लई चांगला निघाला बघा." ताटलीत पांढरंशुभ्र खोबरं होतं, आणि गुळाचा खडा. त्यांनी एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. "घ्या. परसाद हाय."

मी घेतला. उजव्या हाताखाली डावा धरून, अगदी रीतीनं घेतला. कपाळाला लावला.

आणि हात तिथंच राहिला.

मी सांगू शकत नाही काय झालं. मला भूक होती. खोबरं चांगलं होतं. मनात मी कुणाला खालचं समजत नव्हते. त्यावर मी कॉलेजात भाषण केलं होतं, बक्षीस मिळवलं होतं. पण हात कपाळावरून तोंडाकडं यायला तयार नव्हता. जणू तो माझा नव्हताच, माझ्या आजीचा होता, तिच्या आजीचा होता. तुकडा बोटांत तसाच. दोघंही माझ्या हाताकडं बघत होती. बाहेर नळावर कुणाची तरी घागर भरत होती, तिचा आवाज बदलत बदलत वर चढत होता.

"घरी जाऊन खाते," मी म्हटलं.

आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बसा की, हितंच खावा. केवढा तो तुकडा."

"असू दे, आबा," करिश्मा भिंतीपाशी उभी होती तिथूनच म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज, मला सांभाळून घेत असावी तशी म्हणाली. "ताईंना सवय नाही."

मी उठले. काय बोलून निघाले ते आठवत नाही.

उतार चढून वर आले आणि पाय कोंडवाड्याकडं वळले. भर दुपारी तिथं कुणी नव्हतं. अंगण कोरडं ठणठणीत होतं, चेंबरमधून पाणी व्यवस्थित जात होतं. फळ्यावर माझ्या तळहाताचा पुसट फराटा होता आणि त्याच्या खाली, पुसायचा राहिलेला, मिशावाला नारळ. आतल्या खिडकीखाली खडूचा चौकोन होता. सकाळी सहा ते नऊ. त्यानंतर पुढं दोन वर्षं मी तो क्लब चालवला. बावीस पोरं येत राहिली. तो चौकोन लादीवरून आपोआप पुसून गेला.

पण त्या दुपारी तो स्पष्ट होता. मी त्याच्या बाहेर बसले. मूठ उघडली. तुकडा घामानं ओला झाला होता. आजूबाजूला कुणी नाही हे मी आधी बघून घेतलं, आणि मग तो खाल्ला.

गोड होता.